सतराव्या फेऱ्यापासूनचा हात

दिनांक ९ ऑगस्ट २०१९. या दिवशी सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या आसपास होते; तिथे धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट मानली जाते. पुढील मजकुरात सरकारी नोंदीवरून पडताळता येईल असे महत्त्वाचे विधान एवढे एकच आहे. बाकी सारे मी पाहिलेले, मोजलेले किंवा कोणीतरी मला सांगितलेले आहे. या तिन्हींतला फरक जिथे शक्य झाले तिथे ठेवला आहे.

ही नोंद तासगावच्या सुलाबाईंविषयी आहे. बेदाण्याच्या हंगामात त्या शेडवर बेदाणा निवडायला जातात. उरलेल्या दिवसांत अर्ध्या राहिलेल्या वाकळा पुऱ्या करतात.

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या भागात ती कडेपासून शिवत आणतात. आत जुनी लुगडी आणि धोतरे अंथरायची, वरून कापड घालायचे, आणि कडेने सुरुवात करून बोटभर अंतराने चौकोनी फेरे घालत मध्याकडे सरकायचे. तीस-पस्तीस फेऱ्यांनी वाकळ मधोमध बंद होते. एखादी बाई वाकळ अर्धी टाकून मेली, तर मला भेटलेल्या अकरा घरांत तरी ती पांघरत नाहीत, उसवत नाहीत, टाकूनही देत नाहीत. ती माळ्यावर किंवा दोरीवर तशीच राहते आणि घरात आजारपण आले किंवा भांडण झाले की सगळ्यांच्या नजरा तिकडे वळतात. मग कोणीतरी ती सुलाबाईंकडे आणून देते. शेजारच्या घरात या रिवाजाचे नावही ठाऊक नसते. तो किती जुना आहे, हे मला ठरवता आलेले नाही.

सुलाबाईंचे काम दुसऱ्या शिवणाऱ्या बाईला जमणार नाही, कारण त्या आधी मेलेल्या बाईचा हात शिकतात. टाका किती लांब, कोपरा कसा वळवला, गाठ वर की खाली, दोरा ओढून घेतला की सैल सोडला, हे सगळे त्या एका चिंधीवर गिरवतात. पंधरा दिवस, वीस दिवस. चिंधीवरचा टाका वाकळेवरच्या टाक्याशेजारी ठेवून वेगळा ओळखू येईनासा झाला, की मगच वाकळेला सुई लावतात. घरच्यांना त्या नेहमी तेच प्रश्न विचारतात: बाई भिंतीला टेकून बसायची का, दोरा दातांनी तोडायची का, जेवायच्या आधी शिवायची की नंतर, शिवताना बोलायची का, आणि कोणाची वाट बघत शिवायची का. शेवटच्या प्रश्नाचा टाक्याशी संबंध काय, असे मी विचारले होते.

"वाट बघनारीचा टाका आखूड आसतो गं," त्या म्हणाल्या. "दाराकडं बघायला मान वर करायची आसती ना. लांब टाका घालून कसं भागंल?"

हे मी तपासून पाहिलेले नाही.

सुलाबाईंचा जन्म आटपाडीकडचा, मेंढपाळांच्या घरातला. साल त्यांना माहीत नाही. "बहात्तरच्या दुष्काळात मी चालत हुते, पर लांब न्हाई," एवढाच आधार. दिवाळीनंतर मेंढरे नदीकाठच्या ऊसपट्ट्यात उतरायची. तशाच एका मुक्कामात त्यांची आई तापाने गेली. घोड्यावर लादलेल्या सामानात तिची अर्धी वाकळ होती. मावशीने ती पुरी करायला घेतली, पण पोरीने हातातून ओढून घेतली. त्या वेळी त्या दहा-अकरा वर्षांच्या असतील. त्यांचा टाका आईच्या टाक्याच्या दुप्पट पडला. मेंढपाळांच्या तळावरच्या बायका हसल्या. पोरीने सगळे उसवले, पुन्हा घातले, पुन्हा उसवले. तळ तीन वेळा हलला तेव्हा कुठे टाका जुळला. मावशीने बोट फिरवून आईचा कुठला आणि लेकीचा कुठला हे शोधले आणि तिला सापडले नाही. "तवा मावशी घाबरली," सुलाबाई सांगतात. "मला वाटलं शाबासकी दील."

त्यांच्याकडे पत्र्याची एक पेटी आहे. गिरवलेल्या चिंध्या सुतळीत ओवून त्या तिच्यात ठेवतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मी त्या मोजल्या, मापे घेतली, क्रमांक दिले. एकेचाळीस होत्या. सुलाबाईंना अक्षर येत नाही, पण चिंधी हातात देताच नाव, गाव आणि टाका सांगतात. भरतकामाचे टाकेही त्यांना याच मार्गाने आले. साखळी टाका एका शिक्षिकेच्या वाकळेवरून, गाठीचा टाका तुरचीकडच्या एका म्हातारीच्या, काजटाका बाळंतपणात गेलेल्या एका मुलीच्या बाळवाकळेवरून. "एकेक बाई एकेक टाका शिकवून ग्येली. फी घेतली न्हाई."

मी वर्गीकरणासाठी त्यांना त्यांच्या स्वतःच्या हाताचा नमुना मागितला. त्यांनी कापड गुडघ्यावर घेतले, चार इंच शिवले आणि थांबल्या.

"ही राहीबाई हाय," त्या म्हणाल्या.

चिंधी क्रमांक नऊ. मी जुळवून पाहिली. टाक्यांची लांबी आणि गाठीची जागा तीच होती. त्यांनी दुसरी ओळ घातली. तिच्याकडे बघून म्हणाल्या, "आता शाळंतल्या बाई आल्या." तिसऱ्या ओळीला सुई कापडात तशीच ठेवली.

ओट्यावर बसलेले त्यांचे नवरे धुळाबापू आत बघून मला म्हणाले, "मास्तरीणबाई, कशाला शिनवताय तिला? हिला सोताचा टाका न्हाई. चाळीस बायकांशी लगीन लागलंय माजं, आन च्या कराय एकबी उठत न्हाई."

"उठा की तुमी. पाय मोडलं का काय मेंढरामागं?"

"मोडलं न्हाईत, झिजलं."

सुलाबाई हसल्या, पण नमुना मात्र मला मिळाला नाही. नोंदवहीत तो रकाना रिकामा आहे.

१८ जानेवारी २०२६, रविवार. मी पेटीचे उरलेले काम करत होते तेव्हा धैर्यशील आले. वय बेचाळीसच्या आसपास, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त, गाव कृष्णाकाठचे. गावाचे नाव त्यांच्या विनंतीवरून देत नाही. त्यांनी मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून बांधलेली वाकळ सोडली आणि आत आणून ठेवली.

"बायकोची हाय, मावशी."

"कवा ग्येली?"

"पुरात. एकोणीसच्या."

"माती झाली?"

"गावलीच न्हाई ती."

"मग ग्येली म्हंतायसा कशावरनं?"

"मावशी, पुरात ग्येलेलं मानूस साडेसा वर्सांनी येतं व्हय?"

सुलाबाईंचा नियम तासगावात सर्वांना ठाऊक आहे. जिवंत बाईच्या वाकळेला त्या हात लावत नाहीत. त्यांनी पुरी केलेल्या वाकळेचा अर्थही घरोघरी एकच घेतला जातो: ती बाई गेली, आता तिची वाट बघायची नाही. धैर्यशीलना नेमके तेच हवे होते, आणि त्यांनी ते लपवले नाही.

त्यांनी सांगितलेली हकीगत अशी. पत्नी राजेश्वरी, तेव्हा एकोणतीस वर्षांची. पाणी वाढू लागल्यावर ७ ऑगस्टला घरचे सगळे ट्रॅक्टरने वरच्या गावातल्या शाळेत गेले. धैर्यशील तेव्हा पंजाबात पलटणीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्वरी मुलीला सासूकडे देऊन "आलेच" म्हणून बाहेर पडली. गावाकडे जाणाऱ्या एका ट्रॉलीत तिला दोघांनी पाहिले. त्यानंतर कोणीही पाहिलेले नाही. पाणी घराच्या वरच्या खोलीपर्यंत चढले होते. वाकळ तिथेच होती, गाळात बुडालेली. पाणी ओसरल्यावर ती धुऊन, वाळवून त्याच खोलीत दोरीवर टाकली. घर दुरुस्त होईपर्यंत कुटुंब चौदा महिने सांगलीत राहिले. कुलपाची एक किल्ली शेजारी होती.

"आन आता का आनलीसा?" सुलाबाईंनी विचारले.

"पोरगी. तवा चार वर्सांची हुती, आता अकरावं लागंल. त्या खोलीत पाय ठेवत न्हाई. म्हंती, पप्पा, आई शिवतीया, तिला डिस्टर्ब करू नका." त्यांनी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "मला बी आता घरात बसून वाट बघायची ड्यूटी हुईना, मावशी."

सुलाबाईंनी वाकळेवर हात ठेवला. "तिची आई?"

"साताऱ्याकडं आसतात. त्यांना काय सांगितलं न्हाई."

"सांगा."

ते हो म्हणाले. मी त्या दिवशी वाकळेचे छायाचित्र घेतले. त्यात वाकळ घडी घातलेली आहे आणि मधला भाग दिसत नाही. ही चूक माझी आहे. तिचा परिणाम पुढे सांगावा लागेल.

राजेश्वरीने शिवायला काळा दोरा वापरला होता. अठरा फेरे पुरे झाले होते. एकोणिसावा तिसऱ्या बाजूच्या मध्यावर थांबला होता. गाठ नव्हती. वीतभर दोरा मोकळा लोंबत होता. तिचा हात असा: तीन लांब टाके, एक आखूड, पुन्हा तीन लांब, आणि कोपऱ्यावर एक टाका माघारी. सुलाबाईंनी नेहमीप्रमाणे शेवटचे फेरे समोर ठेवून गिरवायला घेतले, कारण हात काळाप्रमाणे बदलतो आणि सांधा शेवटच्या टाक्याशी जुळवायचा असतो. तेवीस दिवस लागले. या काळात मी पाच वेळा गेले. तिसऱ्या भेटीत त्या भिंतीला पाठ न टेकता, उंबऱ्याकडे तोंड करून बसलेल्या होत्या. पाचव्या भेटीत धुळाबापूंनी मला बाजूला बोलावले.

"मास्तरीणबाई, ह्या डावाला बाई लय तरनी आलीया. सारखी दाराकडं बघती. मी म्हनलं, कोन यनार हाय? तर म्हंती, पोरगी शाळंतनं यील. आमाला पोरगी कुठं हाय? दोन पोरं, दोगंबी पुण्याला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. मी भाकरी मागितली, तर तिनं अंड्याची पोळी करून दिली. आयुष्यात कवा केली न्हाई."

मी सुलाबाईंना विचारले. त्यांनी यांतले काहीच आठवत नसल्याचे सांगितले. दोघांपैकी कोणाच्या सांगण्याला अधिक वजन द्यावे, यासाठी माझ्यापाशी आधार नाही.

१० फेब्रुवारीला चिंधी जुळली. त्यांनी ती सुतळीत ओवली. क्रमांक बेचाळीस. ११ तारखेला सकाळी वाकळ अंगणात उन्हाला पसरली, बोटातले अंगुस्तान काढून ठेवले आणि कुठून सुरुवात करायची ते बघायला उघडे बोट पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत ओढत नेले. बोट एका जागी थांबले. पुन्हा मागे नेले, पुन्हा आणले. मी समोरच होते.

"हितनं दोरा मऊ हाय," त्या म्हणाल्या.

सोळाव्या फेऱ्यापर्यंत दोरा खरखरीत होता. सतरावा, अठरावा आणि अर्धाअधिक एकोणिसावा गुळगुळीत. दोन्हीकडे काळा रंग, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नव्हता. मी भिंग लावले. जुन्या दोऱ्याच्या पिळात गाळाचे बारीक कण बसलेले होते. नव्या दोऱ्यात एकही नव्हता. मग सुलाबाईंच्या परवानगीने सुईच्या टोकाने दोन्हीकडचे काही टाके किंचित उचलले. जुन्या टाक्यांखाली कापडावर फिकट रेघ होती. तिथे टाका घट्ट बसल्यामुळे गाळ कमी पोचला होता. नव्या टाक्यांखाली अशी रेघ नव्हती. पुराचा तपकिरी डाग टाक्याखालून सलग गेला होता. बारा ठिकाणी पाहिले. बाराही ठिकाणी तेच.

यावरून एकच निष्कर्ष निघतो. शेवटचे तीन फेरे पूर येऊन गेल्यावर घातलेले आहेत. टाका मात्र तोच: तीन लांब, एक आखूड, कोपऱ्यावर माघारी.

सुलाबाई उन्हात बसून राहिल्या. पेटी आत होती. त्यांनी मला ती बाहेर आणू दिली नाही.

"म्या ह्याच फेऱ्यांवरनं शिकले गं," त्या म्हणाल्या. "आदीचं न्हाई बघितलं. पुरानंतरचा हात म्या मेलेल्यांत ओवला. ती जिती आसली तर?"

"दुसऱ्या कुणीतरी घातले असतील. हाताची नक्कल करता येते. तुम्हीच करता."

"मी करते," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितले. "मग माजंच नाव लिही की."

मी त्यांना स्पष्ट विचारले: वाकळ आल्यापासून त्यांनी तिच्यावर एकही टाका घातला आहे का? त्या म्हणाल्या, "न्हाई. पर मला पोळीबी आठवत न्हाई." माझ्या पहिल्या छायाचित्रात मधला भाग दिसत असता, तर हा प्रश्न तिथेच मिटला असता. फेऱ्यांची पहिली मोजणी मी २१ जानेवारीला केली. मधले तीन दिवस वाकळ सुलाबाईंच्या घरात होती. तीन दिवसांत अडीच-पावणेतीन फेरे घालणे त्यांच्या गतीला शक्य आहे. पण त्या तीन दिवसांत त्यांना राजेश्वरीचा हात आलेला नव्हता. पहिल्या आठवड्यातल्या चिंधीवरचे टाके साफ वेगळे आहेत. हा युक्तिवाद मला पुरेसा वाटतो. मात्र तो पुरावा नाही.

२२ फेब्रुवारीला सुलाबाईंनी दोघांना बोलावून घेतले. धैर्यशील आले. राजेश्वरीची आई चंद्राबाई साताऱ्याहून एसटीने आल्या. सत्तरीच्या, माजी सैनिकाच्या विधवा, बोटांचे सांधे सुजलेले. दारातूनच त्यांना वाकळ दिसली.

"जावईबापू, मला इचारल्याबिगर आनली व्हय?"

"सांगनार हुतो, मामी."

"कवा? पुरी झाल्यावर? पांघरून दावनार हुता?"

"आवं बसा तर खरं," धुळाबापू म्हणाले. "भांडान बसूनबी हुतंय."

चंद्राबाई बसल्या, पण वाकळेच्या आणि सुलाबाईंच्या मध्ये. "माजी लेक मेली न्हाई. हितं कुनी सुई लावायची न्हाई, सांगून ठेवते."

सुलाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी चंद्राबाईंचे बोट धरले आणि फेऱ्यांवरून ओढत नेले. "हितं कळतंय का, आक्का?" मग धैर्यशीलना भिंगातून दाखवायला मला सांगितले. मी डाग दाखवला, फिकट रेघ दाखवली, काय सिद्ध होते आणि काय होत नाही ते सांगितले.

चंद्राबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्या सांगत नव्हते? सांगत नव्हते मी?"

धैर्यशील भिंग तसेच धरून होते. "म्हंजे ती घरात आली," ते म्हणाले. "जिना चढून वर ग्येली, बसली, तीन फेरं घातलं. आन पोरीला न बघता उतरून निघून ग्येली. आसंच ना?"

त्यांनी भिंग पुन्हा सतराव्या फेऱ्यावर नेले.

"एकदा आली का तीनदा आली? आमी खाली जेवत आसताना आली? पोरगी सांगत हुती आन मी तिला डॉक्टरकडं नेलं, मामी." त्यांनी भिंग खाली ठेवले. "त्यापरीस ती मेलेली बरी. मावशी, पुरी करा."

"त्वांड सांभाळा, जावईबापू!"

"काय सांभाळू? तुमच्याकडं तरी आली का?"

चंद्राबाईंनी पदर खाली घेतला. "माज्याकडं कशी यील?" त्या हळू म्हणाल्या. "त्या वर्साला पंचमीला यायची हुती. पिशवी भरून बसली हुती. मीच फोनवर म्हनलं, रस्तं बंद हाईत, पुलावर पानी हाय, यिऊ नगंस. आली आस्ती तर हितं, माज्याकडं आस्ती." २०१९ साली नागपंचमी ५ ऑगस्टला होती; तिसऱ्या दिवशी, ७ तारखेला, गाव रिकामे झाले.

मला एक गोष्ट विचारणे भाग होते. राजेश्वरीला शिवण आईने शिकवले होते. चंद्राबाई दरवर्षी पंचमीच्या सुमारास जावयाच्या घरी जातात आणि वरच्या खोलीत एकट्या बसतात, हे धैर्यशीलनीच मला सांगितले होते. मी त्यांना एक ओळ शिवून दाखवाल का, असे विचारले. माझा हेतू त्यांच्या लक्षात आला.

"मी खोटं करीन? लेकीच्या नावानं?"

तरी त्यांनी सुई घेतली. वीतभर ओळ घातली. टाके एकसारखे, मध्यम. पण दोन ठिकाणी तीन टाक्यांनंतर एक आखूड पडला आहे. "बोटं साथ देत न्हाईत," त्या म्हणाल्या. सुजलेल्या सांध्यांमुळे टाका आखूड पडू शकतो. लेकीला शिकवलेला हात आईच्या हातात असूही शकतो. तो नमुना माझ्यापाशी आहे आणि मी तो अनेकदा पाहिला आहे. दोन्ही बाजूंनी तितकेच बोलता येते.

सुलाबाई एवढा वेळ उंबऱ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. आता त्या उठल्या, पेटी उघडली आणि सुतळीची गाठ सोडून सगळ्यांत शेवटची चिंधी काढली.

"माजी रीत येकच हाय," त्या म्हणाल्या. "मेलेलीचं पुरं करायचं, जितीचं करायचं न्हाई. ही कोन हाय मला ठावं न्हाई. जावईबापू म्हंत्यात मेली, आक्का म्हंत्यात जिती. तुमी दोगं सांगताय ते तुमच्या जिवाचं सांगताय. दोऱ्याचं कुनीच सांगत न्हाई. मी पुरी केली आन उद्या ती आली, तर कुठं बसंल? मधोमध जागाच न्हाई ऱ्हानार."

"मावशी, मी कसं जगायचं सांगा की मग," धैर्यशील म्हणाले.

"त्ये मला येत आसतं तर मी वाकळा कशाला शिवल्या आसत्या, बाबा?"

त्यांनी चिंधी आमच्यासमोर उसवली. बेचाळीस क्रमांकाच्या नोंदीत आता फक्त माझी मापे आहेत. उसवताना त्या घाई करत नव्हत्या. तीन लांब, एक आखूड असेच सुईने सोडवत गेल्या. पाऊण तास लागला. तोवर चंद्राबाई वाकळेवर हात ठेवून बसल्या होत्या आणि धैर्यशील अंगणात मोटारसायकलपाशी उभे होते.

शेवटी धैर्यशीलनीच वाकळ उचलली. चंद्राबाईंनी ती साताऱ्याला नेण्याचा आग्रह धरला. ते नाही म्हणाले. "हितनं पुढंबी ती आली, तर माज्याच घरी यील. तुमच्याकडं तिला शिवायला काय ठेवलंय?" हे त्यांनी रागाने म्हटले की आणखी कशाने, मला ओळखता आले नाही. चंद्राबाईंनी पिशवीतून काळ्या दोऱ्याचे एक नवे रीळ काढून वाकळेच्या घडीत सरकवले. धैर्यशीलनी ते बघितले आणि काढून टाकले नाही.

मी त्यांना विनंती केली की महिन्यातून एकदा वाकळेच्या मधल्या भागाचे छायाचित्र पाठवावे, म्हणजे फेरे वाढतात का ते कळेल. त्यांनी हेल्मेट घालता घालता उत्तर दिले, "न्हाई. मोजायचं न्हाई." मी पुन्हा विचारले. त्यांनी गाडी सुरू केली.

सुलाबाईंना मी त्यानंतर ३० मार्चला भेटले. त्यांनी वाकळांचे काम थांबवले होते. कारण विचारल्यावर त्यांनी बेदाण्याच्या शेडवर घालायच्या झंपराची नुकतीच शिवलेली बाही पुढे केली. टाके मोजले. तीन लांब, एक आखूड. बाहीला कोपरा नसतो, तरी शिवण संपते तिथे एक टाका माघारी होता.

"चिंधी उसवली, हात कसा उसवायचा?" त्या म्हणाल्या. "आदी बाई यायची, वाकळ मिटली की जायची. हिची वाकळ मिटली न्हाई." धुळाबापूंनी त्या दिवशी विनोद केला नाही. दुपारी चारच्या सुमारास शाळा सुटलेली मुले रस्त्याने गेली, तेव्हा सुलाबाईंनी हातातले काम खाली ठेवले आणि शेवटचे मूल वळणाआड जाईपर्यंत दाराकडे पाहिले. मी वेळ नोंदवली. त्यांना विचारले नाही.

माहीत असलेले इतके: एकोणिसाव्या फेऱ्याच्या तिसऱ्या बाजूपर्यंत वाकळ शिवलेली आहे, आणि सतराव्या फेऱ्यापासूनचे टाके पुरानंतरचे आहेत. ते कोणी घातले, हे माहीत नाही. राजेश्वरी ८ ऑगस्टला गावाकडे कशासाठी परत गेली, हे माहीत नाही. ती जिवंत आहे की नाही, हे माहीत नाही. त्यानंतर फेरे वाढले आहेत का, हे धैर्यशील सांगत नाहीत.